दिसतात लंब, पण आहेत का? रेषांच्या चढासाठी जिओजेब्रा वापरताना

आलेख कागदावर क्ष-अक्षासाठी १ सेंमी = १ एकक आणि य-अक्षासाठी १ सेंमी = २ एकक असं प्रमाण घ्या. त्यावर य = २क्ष आणि य = −२क्ष या दोन रेषा काढा आणि त्या जिथे छेदतात तिथे गुण्या लावा. काटकोन अगदी तंतोतंत बसेल. पण चढ (इंग्रजीत स्लोप) आहेत २ आणि −२, त्यांचा गुणाकार −४, आणि लंब रेषांसाठी तो −१ यायला हवा. म्हणजे गुण्या ‘लंब’ म्हणतो, गणित ‘नाही’ म्हणतं, आणि बरोबर आहे ते गणित. (मुलं वहीत एक्स-वाय लिहितात, तेच इथे क्ष-य.)

चढावरून समांतर-लंब ओळखण्याचा अभ्यास मुलांकडून करून घेण्यासाठी जिओजेब्रा हे आलेख आणि भूमितीचं अ‍ॅप माझ्या मते सध्या फुकट मिळणारं सर्वांत चांगलं साधन आहे. पण वर सांगितलेला घोटाळा त्याच्या पडद्यावरही होतो, आणि आणखी दोन घोटाळे असे आहेत जे कागदावर होत नाहीत, तिथेच होतात. म्हणून मुलाच्या हातात नुसता फोन देऊन भागत नाही. काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं आणि कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आधी सांगावं लागतं.

थोडी माहिती. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांच्या पदव्युत्तर प्रबंधातून याची सुरुवात झाली. घरच्या आणि शाळेतल्या अव्यावसायिक वापराला पैसे पडत नाहीत. फी घेऊन चालणाऱ्या क्लासने मात्र परवान्याच्या अटी नीट वाचाव्यात, कारण व्यावसायिक वापराचे नियम वेगळे आहेत. दादरसारख्या क्लासच्या गल्ल्यांमध्ये प्रोजेक्टरवर ते सर्रास लावायच्या आधी हे पाहिलेलं बरं. अ‍ॅप एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, त्यामुळे लोकलमध्ये रेंज गेली तरी काम अडत नाही.

पहिला गोंधळ उतरवतानाच होतो. ग्राफिंग, जिऑमेट्री, थ्रीडी, कॅस, कॅल्क्युलेटर सूट, क्लासिक अशी बरीच रूपं समोर येतात आणि ‘भूमिती’ म्हटल्यावर पालक जिऑमेट्री घेतात. चढासाठी ते गैरसोयीचं आहे, कारण त्यात सुरुवातीला अक्षच दिसत नाहीत. फोनवर ग्राफिंग घ्या. शाळेच्या लॅबमध्ये जुने संगणक असतील तर क्लासिक ५ ठीक चालतं.

आता कामाचं. बिंदू बोटाने टेकवून काढू नका, टाइप करा. बोटाने ठेवलेला बिंदू (२, ३) वाटतो आणि असतो (१.९८, ३.०२). पुढे चढ ‘जवळजवळ’ येतो, आणि मग समांतर आहे की नाही यावर वाद घालण्यात तास जातो. टाकायच्या ओळीत (इनपुट) अ = (−२, १) आणि ब = (४, ५) असे बिंदू लिहा (अक्षरं अर्थात इंग्रजी टाइप करायची), मग ‘लाइन’ हे साधन निवडून दोन्ही बिंदूंना स्पर्श करा. दुसऱ्या रेषेसाठी प = (१, −३) आणि फ = (७, १) घ्या.

इथे थांबायचं, आणि ‘स्लोप’ साधनाला हात लावायच्या आधी वहीत करायचं. पहिल्या रेषेचा चढ (५ − १) भागिले (४ − (−२)), म्हणजे ४/६, म्हणजे २/३. दुसऱ्या रेषेचा (१ − (−३)) भागिले (७ − १), पुन्हा २/३. चढ समान, म्हणून रेषा समांतर. पण एवढ्यावर उत्तर पूर्ण होत नाही, हे बरीच मुलं विसरतात. चारही बिंदू एकाच रेषेवर असले तरी दोन्ही चढ समानच येणार. म्हणून एक बिंदू इकडचा आणि एक तिकडचा घेऊन तिसरा चढ काढायचा. अ आणि प यांचा चढ −४/३ आला, २/३ नाही, म्हणजे रेषा खरोखरच वेगळ्या आहेत. प ऐवजी (−५, −१) हा बिंदू घेतला असता तर अ पासूनचा चढ −२/−३, म्हणजे २/३ आला असता आणि तो बिंदू पहिल्याच रेषेवर सापडला असता. हे पडद्यावर लगेच दिसतं, कारण बिंदू रेषेवरच जाऊन बसतो. कागदावर पेन्सिलीच्या जाडीत ते झाकलं जातं. जिओजेब्राचा खरा फायदा अशा ठिकाणी आहे.

चिन्हांची चूक सर्वांत जास्त होते ती वजाबाकीच्या क्रमात. वर ब वजा अ घेतलं तर खालीही ब वजा अ. वर एक क्रम आणि खाली दुसरा घेतला की चढाचं चिन्ह उलटतं, आणि मग समांतर रेषा छेदताना ‘सिद्ध’ होतात. यावर जिओजेब्राचा धाक चांगला बसतो. रेषा डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसते आणि वहीत चढ ऋण आलेला असतो. मुलं स्वतःच परत मागे जातात.

‘स्लोप’ साधन रेषेवर लावलं की ते एक छोटा काटकोन त्रिकोण काढतं आणि बाजूला चढाची किंमत लिहितं. दिसायला छान, पण त्याबद्दल माझी तक्रार आहे. त्या त्रिकोणाचा पाया १ एकक असतो. मुलाने आलेखावर मोजलेले असतात आडवे ६ चौकोन आणि उभे ४, आणि पडद्यावर दिसतात १ आणि ०.६७. चढ म्हणजे ‘उभा बदल भागिले आडवा बदल’, आणि त्रिकोण लहान घ्या की मोठा, उत्तर तेच, ही गोष्ट त्या एका ठरावीक त्रिकोणातून पोचत नाही. म्हणून (४, १) हा तिसरा बिंदू टाकून ६ आणि ४ बाजूंचा मोठा त्रिकोण आपणच ‘पॉलिगॉन’ने काढावा आणि मग साधनाचा छोटा त्रिकोण शेजारी ठेवावा. दोन समरूप त्रिकोण शेजारी शेजारी दिसले की दहावीच्या समरूपतेचा धागाही आपोआप जुळतो.

त्या ०.६७ मध्येच मोठा धोका दडलेला आहे. जिओजेब्रा सुरुवातीला दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे दाखवतं. आता (०, ०) आणि (३, २) मधून जाणारी एक रेषा घ्या आणि (०, १) आणि (१००, ६८) मधून जाणारी दुसरी. पहिलीचा चढ २/३, दुसरीचा ६७/१००. पडद्यावर दोन्हींसमोर ०.६७. रेषाही डोळ्यांना अगदी समांतर. प्रत्यक्षात त्या (−३००, −२००) इथे छेदतात. पाहायचं असेल तर पडदा लहान करत डावीकडे सरकत जा, छेदनबिंदू सापडेल. वर्गात दाखवण्यासाठी याहून चांगलं उदाहरण क्वचित सापडेल, कारण ‘समांतर म्हणजे कुठेही न भेटणाऱ्या’ या व्याख्येतल्या ‘कुठेही’ला इथे वजन येतं.

याच आकड्यामुळे उलटी चूकही होते. २/३ आणि −३/२ हे चढ लंब रेषांचे आहेत, गुणाकार नेमका −१. पण मूल पडद्यावरचे ०.६७ आणि −१.५ घेऊन गुणतं आणि येतात −१.००५. ‘म्हणजे लंब नाहीत, बाई.’ चूक मुलाची नाही, आकडा अर्धवट दाखवला गेला त्याची आहे. उपाय दोन. सेटिंग्जमध्ये ‘राउंडिंग’ वाढवा, १५ दशांश स्थळांपर्यंत जाता येतं. किंवा, आणि मला हेच जास्त योग्य वाटतं, ‘फ्रॅक्शनटेक्स्ट’ ही आज्ञा देऊन चढ अपूर्णांकात लिहून घ्या. चढाचं उत्तर अपूर्णांकातच ठेवायची सवय परीक्षेतही उपयोगी पडते. बोर्डाच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि २/३ चा ऋण गुणाकार व्यस्त −३/२ हे नजरेनेच सांगता येतं. ०.६७ चा कोण सांगणार?

अभ्यासक्रमाची आठवण इथे करून देतो. दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा चढ आणि समांतर रेषांचे चढ समान, इतकं येतं. गुणाकार −१ ही लंबाची अट अकरावीत पक्की होते. दहावीच्या मुलाला ती आधी दाखवायला हरकत नाही, पण सूत्र म्हणून घोकून घेऊ नये. का ते स्लायडरने फार सुंदर कळतं. टाकायच्या ओळीत य = म × क्ष + १ लिहा (म च्या जागी इंग्रजी एम). जिओजेब्रा लगेच म साठी −५ ते ५ चा स्लायडर तयार करतं. दुसऱ्या ओळीत य = (−१/म) × क्ष + १ लिहा. आता स्लायडर सरकवा. दोन्ही रेषा (०, १) या बिंदूभोवती फिरतात, एक ताठ होत जाते तशी दुसरी आडवी होते, काटकोन मोडत नाही. आणि म शून्यावर आला की दुसरी रेषा नाहीशी होते.

तो क्षण टाळू नका, तिथेच थांबा. पहिली रेषा आता आडवी आहे, तिला लंब असणारी रेषा उभी, क्ष = ०. ती रेषा अस्तित्वात आहेच, पण −१/० ला किंमत नाही, म्हणून सूत्राला ती दाखवता येत नाही. य-अक्षाला समांतर रेषेचा चढ ठरवता येत नाही, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांसमोर घडतं. ‘स्लोप’ साधनही उभ्या रेषेसाठी आकडा देत नाही. याउलट ‘पर्पेंडिक्युलर लाइन’ हे साधन आडव्या रेषेलाही बिनतक्रार लंब काढून देतं, कारण ते चढावर अवलंबून नाही.

मग चढाशिवाय तपासायचं कसं? रेषेच्या समीकरणातून. पहिली रेषा ४क्ष − ६य + १४ = ० अशी लिहिली तर चढ म्हणजे वजा क्ष-चा सहगुणक भागिले य-चा सहगुणक, −४/−६, पुन्हा २/३. (पडद्यावर समीकरण अशा रूपात दिसलं की मुलं ४ लाच चढ समजतात. रेषेच्या मेनूतून समीकरणाचं रूप बदलून घ्या.) दोन रेषांच्या समीकरणांत क्ष-च्या सहगुणकांचा गुणाकार अधिक य-च्या सहगुणकांचा गुणाकार शून्य आला, तर रेषा लंब. क्ष = ३ आणि य = २ घ्या: १ × ० + ० × १ = ०. उभी रेषा असो, आडवी असो, कुठे भागाकारच नाही, त्यामुळे काही अडत नाही. समांतरासाठी सहगुणकांचे तिरके गुणाकार सारखे आले की झालं. अकरावीच्या पुढे जाणाऱ्यांनी हीच पद्धत अंगवळणी पाडावी.

आता सुरुवातीच्या गुण्याकडे. जिओजेब्रात अक्षांचं प्रमाण आपसूक १ : १ असतं, पण अक्ष धरून ओढला की ते बदलतं, आणि फोनवर ते नकळत होतं. य-अक्ष निम्म्याने आवळला गेला, तर य = २क्ष आणि य = −क्ष/२ या खरोखर लंब असलेल्या रेषा पडद्यावर जेमतेम ५९ अंशांचा कोन करताना दिसतात. समांतर रेषा मात्र कसंही ताणा, समांतरच दिसतात. दोन्ही चढ एकाच पटीत बदलतात, म्हणून समान असलेले समानच राहतात. लंबाच्या बाबतीत एक चढ दुसऱ्याच्या व्यस्तात असायला हवा, आणि दोन्ही एकाच पटीत लहान केले की ते नातं तुटतं. समांतरपणा ताणाला टिकतो, लंबपणा टिकत नाही, एवढं एक वाक्य मुलाच्या डोक्यात बसलं तरी या साधनावर घालवलेला वेळ सार्थकी लागला. अपवाद आडव्या-उभ्या जोडीचा. तिचा काटकोन असा ताणला तरी बिघडत नाही. संगणकावर पडद्यावरच्या रिकाम्या जागी राइट-क्लिक करून अक्षांचं प्रमाण परत १ : १ करता येतं. लंबाचा प्रश्न सोडवायला बसलात की आधी हे पाहायचं. आलेख वहीतही तेच: लंब तपासायचे असतील तर दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण.

‘रिलेशन’ ही आज्ञा दोन रेषांना लावली की त्या समांतर आहेत, लंब आहेत की नुसत्या छेदतात, ते वाक्यात लिहून येतं. २/३ आणि ६७/१०० वाल्या जोडीला ती फसत नाही, छेदतात असंच सांगते. उत्तर तपासण्यासाठी उत्तम. पण ते सगळ्यात शेवटी उघडावं, वहीतलं उत्तर लिहून झाल्यावर. आधी उघडलं तर मुलं चढ काढतच नाहीत, आणि पेपरात ‘रिलेशन’ नसतं.

डेस्मॉसही फुकट आहे, आणि समीकरण टाकून रेषा पाहण्यापुरतं ते हाताला जास्त हलकं वाटतं. पण बिंदूंवरून रेषा ओढणं, चढाचा त्रिकोण, लंब टाकणं हे सगळं त्याच्या ग्राफ कॅल्क्युलेटरमध्ये आपल्यालाच समीकरणांतून उभं करावं लागतं. शाळकरी मुलासाठी जिओजेब्राच.

शेवटचा उपयोग मला सर्वांत आवडतो तो नकाशाचा. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या क्रमांकाच्या गल्ल्या एकमेकींना खरंच समांतर आहेत का? अंधेरीला पश्चिम रेल्वेचे रूळ आणि त्यांच्यावरून जाणारी मेट्रो १ काटकोनात छेदतात का? फोनवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या, ‘इमेज’ने जिओजेब्रात आणा, चित्राचे खालचे दोनच कोपरे बिंदूंना बांधा (आणखी एक बांधला की चित्र ताणलं जाऊ शकतं), आणि रस्त्यावर दोन-दोन बिंदू ठेवून चढ काढा. वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किमीची मार्गिका सरळ रेष नाही, त्यामुळे दोन्ही बिंदू अंधेरी स्थानकाच्या अगदी दोन्ही बाजूंना घ्यायचे.

बिंदूंसाठी अक्षांश-रेखांशाचे आकडे थेट टाकायचा मोह होतो. तो टाळा. मुंबई सुमारे १९ अंश उत्तरेला आहे. इथे एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किमी, पण एक अंश रेखांश म्हणजे जवळपास १०५ किमीच. म्हणजे पुन्हा दोन अक्षांवर दोन प्रमाणं. जमिनीवर अचूक लंब असलेल्या तिरक्या रस्त्यांच्या चढांचा गुणाकार या आकड्यांतून −१ ऐवजी −०.९० च्या आसपास येतो. समांतर गल्ल्या मात्र याही आकड्यांत समांतरच निघतात. स्क्रीनशॉटमध्ये ही अडचण नाही, कारण फोनवरचे नेहमीचे नकाशे लहान भागातले कोन जसेच्या तसे ठेवतात.

आणि स्क्रीनशॉट घेण्याआधी दोन बोटांनी नकाशा तिरका फिरवा, साधारण ४५ अंश. उत्तर वर ठेवली तर रेल्वेची रेषा जवळजवळ उभी येते. तिचे दोन बिंदू १० एकक उंचीवर आणि ०.४ एकक अंतरावर असतील तर चढ २५. एक बिंदू ०.१ ने सरकला तर चढ २०. रेषा फिरली फक्त अर्ध्या अंशाच्या आसपास, पण दुसऱ्या रेषेच्या −०.०४ शी गुणाकार −१ वरून −०.८ वर आला, आणि मूल ‘लंब नाहीत’ म्हणून मोकळं होतं. तिरक्या नकाशावर तेवढीच चूक झाली तर गुणाकार −१.०२ च्या पलीकडे जात नाही.